भिकाजीचा कान आणि लाल दिवा

भिकाजी तावड्याने माझ्या फियाटच्या इंजिनाची वाट लावली, आणि तरीही गाडी मी त्याच्याच हाती देत राहिलो. बायको याला माझा बावळटपणा म्हणायची. ती बहुतेक बाबतींत बरोबर असते, या एका बाबतीत नव्हती.

भिकाजी मूळचा कणकवलीकडचा. परळच्या मिलमध्ये वीस वर्षं यंत्रांना तेल घातलं. संपात मिल बंद पडली, तसं त्याने अंधेरीला, वेसाव्याच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. मिलमध्ये म्हणे यंत्रांवरचे लाल दिवे बाराही महिने पेटलेलेच असायचे, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघतच नसे. तेल घालणारा यंत्राला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि दुखणं सांगायचा. तीच विद्या भिकाजीने गाड्यांना लावली.

त्र्याऐंशी साली माझ्या गाडीचा ऑइलचा लाल दिवा लागला आणि विझेना. भिकाजीने कान लावला आणि हसला.

"बत्तीक काय कळता, सायेब? माझो कान सांगता, इंजिन झकास आसा. बिनधास्त जावा."

मी बिनधास्त गेलो. आरे कॉलनीच्या चढावर इंजिनाने एक किंकाळी फोडली आणि ते जाम झालं. तेलाचा पंप झिजला होता; दिवा खरंच बोलत होता. सासूबाई मागच्या सीटवर होत्या. त्या काय म्हणाल्या ते सांगत नाही.

भिकाजीला मी चार माणसांत नाही नाही ते बोललो. त्याने चार महिने खपून, पदरमोड करून, इंजिन पुन्हा उभं केलं. मात्र तेव्हापासून तो माझ्या गाडीत बसेनासा झाला. दुरुस्तीनंतर चालवून बघायची तर मी चालवायचो आणि तो कडेला उभा राहून ऐकायचा. घरी सोडतो म्हटलं, तर "चलत जातंय" म्हणून चालू लागायचा. माझा राग खरं तर आठवड्याभरातच ओसरला होता, पण ते सांगायचं राहून गेलं. आमच्या घराण्यात रागवायची पद्धत आहे, राग गेल्याचं कळवायची नाही.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात मी गॅरेजवर बसलो होतो, तेव्हा सरूबाईचा टेंपो आला. सरूबाई वेसाव्याची कोळीण. नवरा गेल्यावर तिने पाटल्या मोडून हा जुना टेंपो घेतला होता. भाऊ हरेश्वर तो चालवायचा आणि ती बाजारोबाजार मासळी पोचवायची. टेंपोचा ऑइलचा दिवा पेटून राहिला होता. दुसऱ्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं, इंजिन खोलावं लागेल, महिना जाईल. ऐन हंगामातला महिना गेला तर तिचं वर्षच बुडणार होतं.

"भिकाजी, माझ्या पाटल्या हायेत रं यात," ती म्हणाली. "सांग, चालवू का थांबवू?"

भिकाजीने सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला, इंजिनाला टेकवला, कान जवळ नेला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

आधी त्याने तेलाची पट्टी काढून बघितली. तेल पुरेसं होतं. मग दिव्याला खबर देणारा इंजिनावरचा स्विच काढून तिथे तेलाचा दाब मोजायचं घड्याळ बसवलं. हे घड्याळ त्याने माझं इंजिन जाम झालं त्याच आठवड्यात चोरबाजारातून शोधून आणलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. हरेश्वरने इंजिन सुरू केलं. काटा वर चढला आणि चढलेलाच राहिला. इंजिन धडधाकट होतं.

तरी भिकाजी थांबला नाही. स्विचपासून निघालेली वायर तो बोटांनी चाचपत गेला आणि सीटमागे थबकला. बोटं नाकाशी नेली. वायरीला बांगड्याचा वास येत होता! टोपल्यांतलं बर्फाचं खारट पाणी रोज तिथे ठिबकायचं. त्या पाण्याने वायरीवरचं रबर खाल्लं होतं आणि उघडी तार बॉडीला टेकून दिवा पेटता ठेवत होती.

नवी वायर नळीत घालून त्याने उंचावरून नेली. चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला.

"परत," भिकाजी म्हणाला. असं तीनदा केलं.

सरूबाईने त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि टेंपो बाजाराला गेला.

भिकाजी फडक्याने हात पुसत म्हणाला, "सायेब, तुमच्या गाडीक ह्याच करूक व्हया होता."

"भिकाजी, माझा राग कधीच गेलाय रे."

"कधी?"

"तेव्हाच. आठ दिवसांत."

त्याने फडकं खाली टाकलं. डोळे भरलेले, आवाज मात्र चढलेला. "मगे सांगूचा नाय? तीन वर्सा माका चलत धाडलात!"

माझी मलाच लाज वाटली. तो तरातरा गेला आणि माझ्या फियाटचं पुढचं दार उघडून आत बसला.

"सोडा घराक."

मी चावी फिरवली. दिवा विझेपर्यंत दोघांनीही त्याच्यावरून नजर काढली नाही.