विमलवैनीची जागल

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात हजेरीपटावर सही करत होते. दादा फोनवर कधी धड बोलत नाही, आधी मोठ्यानं खोकतो आणि मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी खोकलाही नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मी वैतागून म्हटलं, "अरे बोल ना, प्रार्थनेची घंटा होऊन राह्यली." तेव्हा तो म्हणाला, "सुधा, विमल उठून नाही राह्यली वो..." माझी वहिनी सगळ्या घराच्या आधी उठणारी बाई. ती उठत नाही म्हणजे काय, हे मला लगेच कळलं आणि तरी मी वेड्यासारखं विचारलं, "काहून?"

आता दीड-दोन महिने झाले. कापसाची दुसरी वेचणीही झाली. मारेगावजवळ जंगलाच्या कडेला आमचं शेत आहे आणि तिथं शेती करायची म्हणजे पेरण्याइतकंच राखणं आलं. रात्री रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगाई येतात, आणि सकाळी पाहावं तर अर्धं वावर साफ. म्हणून मचाणावर रात्रभर बसायचं, डबा वाजवायचा, आरोळ्या ठोकायच्या. याला आमच्याकडे जागल म्हणतात. हे खरं तर पुरुषाचं काम. पण दादाला दमा, शिवाय तो मचाणावर चढला की झोपतो आणि असा घोरतो की डुकरं येतात की पळतात हा वादाचा विषय आहे. वैनीनं एका हंगामात हा कारभार पाहिला आणि तेलाचा रिकामा डबा स्वतःच्या हातात घेतला. तेव्हापासून जागल तिची. तिची आरोळी शेजारच्या गावात ऐकू जायची. "हुर्रर्र हाऽऽ" अशी ती सुरू व्हायची आणि शेवटाला पार चिरत जायची. लग्नात उखाणा घेताना जिचा आवाज फुटला नव्हता, तीच ही बाई, हे सांगून कोणाला पटत नसे.

पुढे बोंडअळीचं ते वर्ष आलं. फवारणीवर फवारणी चालली होती. वैनी फवारणाऱ्यांना पाणी भरून द्यायची, दिवसभर त्या औषधाच्या वाऱ्यातच. एका संध्याकाळी तिचे डोळे सुजले. तिच्या बाजूच्या वावरातला एक माणूस त्याच आठवड्यात दवाखान्यातून परत आला नाही, त्यामुळे आम्ही देवाचे आभार मानले की हिचं डोळ्यांवर निभावलं. पण डावा डोळा गेला. उजव्याबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जितके दिवस दिसतं तितके दिवस पाहून घ्या. डॉक्टर चांगले होते, पण हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं असं मला आजही वाटतं. वैनी मात्र बाहेर येऊन म्हणाली, "चाल, काय पाह्यचं ते ठरवू."

तिनं काय ठरवलं असेल? काशी नाही, शिर्डी नाही. माझी मुलगी ऋचा तेव्हा कोकणातल्या एका गावी समुद्रकासवांची घरटी राखणाऱ्या मंडळींबरोबर काम करत होती. तिनं मामीला फोनवर चित्रफीत दाखवली होती. कासवी पाण्यातून येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते, झाकते आणि निघून जाते. वैनी फोन नाकाला लावून पुन्हा पुन्हा ते पाहत राहिली. "अंडे घातले आन् गेली? राखनीले कोनीच नाही?" ऋचा म्हणाली, "तिला मागे वळून पाहायचंच नसतं मामी." वैनीला हे मुळीच पटलं नाही. जिनं आयुष्य राखण्यात घालवलं, तिला ही आई कळेना. "मले तिले एकदा पाह्यचं हाय," ती म्हणाली. "तोंड पाह्यलं तर समजन."

असे आम्ही निघालो. मी, वैनी आणि दोन दिवसांच्या प्रवासाला पुरतील इतके धपाटे. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली तंबू होते, आजूबाजूला पुण्या-मुंबईची माणसं, त्यांच्याकडे मोठमोठे कॅमेरे. किनारा सांभाळणारे दत्तूदादा म्हणून तिथलेच एक गृहस्थ होते. त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं की उजेड करायचा नाही, बोलायचं नाही, कासवी वर येताना हलायचंसुद्धा नाही. ती जरा बिचकली तरी माघारी फिरते. वैनी सगळ्यांत पुढे बसून मान डोलावत होती. पहिली रात्र कोरडी गेली. दुसरीही. चौथ्या दिवशी सकाळी आमची गाडी होती आणि वैनीच्या उजव्या डोळ्याला आदल्या संध्याकाळपासून धुकं धुकं दिसत होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं. "ऋचाले नको सांगू, रडत बसन पोरगी."

त्या शेवटच्या रात्री आम्ही तंबूच्या तोंडाशी बसलो होतो. वैनीच्या मांडीवर जेवणाचं स्टीलचं ताट तसंच होतं. तिचा डोळा लागला असावा. मलाही डुलकी आली. एकदम दत्तूदादांनी दुरून हात वर केला. ऋचा माझ्या कानात कुजबुजली, "आई, आली." पाण्याच्या काठावरून एक काळा उंचवटा हळूहळू वर सरकत होता. मी वैनीला हलवलं... आणि हलवायला नको होतं. तिनं डोळा उघडला, अंधारात जमिनीलगत सरकणारं ते काळं धूड पाहिलं, आणि बाकी काही कळायच्या आत तिचे हात चालले. ताटावर चमचा धडाधड वाजला. "हुर्रर्र हाऽऽ! हाऽऽऽ!"

त्या आरोळीनं सगळा किनारा जागा झाला. तंबूंतून माणसं बाहेर आली. कासवी थबकली, वळली, आणि जितकी हळू आली होती त्याहून भरभर पाण्यात शिरली. मग फक्त लाटांचा आवाज. कॅमेरेवाला एक जण म्हणाला, "अशा लोकांना आणतात कशाला?" मी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघितलं. ऋचाच्या डोळ्यांत पाणी होतं. वैनी ताट हातात धरून उभी होती. तिनं विचारलं, "डुक्कर नव्हतं?"

मला वाटलं होतं, ती स्वतःसाठी रडेल. इतकं दूर येऊन, एवढासा उजेड डोळ्यात उरलेला असताना, हातातोंडाशी आलेला घास स्वतःच उडवला म्हणून. पण तिनं दत्तूदादांना गाठलं. "दादा, तिच्या पोटात अंडे हायेत ना? आता ती कुठं जाईन?" दत्तूदादा रागावले नव्हते, पण खोटंही बोलले नाहीत. "वहिनी, घाबरलेली मादी कधी त्याच रात्री फिरून येते, कधी दुसरा किनारा बघते. नायतर पाण्यातच सोडते अंडी. मग ती गेलीच." वैनी मटकन खाली बसली. "म्या मारले," ती म्हणाली. "राखता राखता म्या मारले वो सुधाबाई." मी तिला समजावलं, ओरडलेसुद्धा. ती तंबूत यायला तयार होईना. ताट तिनं वाळूत उपडं घातलं, त्यावर शाल टाकली, आणि पदराचा बोळा तोंडात धरून बसून राहिली, परत आवाज निघू नये म्हणून. तशी ती किती वेळ बसली कोण जाणे. एकेक लाट आली की मी मान उंचावून पाण्याच्या काठाकडे पाहायचे. मी नास्तिक बाई, पण त्या रात्री मी आमच्या गावच्या मारुतीपासून सगळ्यांना कामाला लावलं.

पूर्वेला फटफटायच्या जरा आधी दत्तूदादा वाकून वाकून आमच्याकडे आले. त्यांनी वैनीचा हात धरला. कासवी आली होती. तीच की दुसरी, हे कोण सांगणार? पण दत्तूदादा म्हणाले, "तीच," आणि त्यांच्या या एका शब्दासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. अंडी घालायला लागली की कासवीला आजूबाजूचं भान राहत नाही, तेव्हा मागच्या बाजूनं जाता येतं. आम्ही वैनीला तिच्या मागे वाळूत बसवलं. ऋचानं विचारलं, "मामी, दिसतंय?" वैनीनं मान हलवली. नाही. तेवढ्यात कासवी खड्डा झाकून त्यावर अंग आपटू लागली, वाळू घट्ट बसावी म्हणून. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. थप... थप... वैनीनं वाळूवर दोन्ही तळवे टेकले. तिचा चेहरा उजळला. "कापूस दाबून राह्यली वो," ती हळूच म्हणाली. "गाडीत भरून तुडवतो ना आपन, तसा. किती मन लावून... आन् आपन म्हनतो टाकून गेली."

मग कासवी वळली आणि आम्हाला न विचारता समुद्राकडे निघाली. तिचं तोंड काही वैनीला दिसलं नाही. वैनी तिच्या दिशेनं म्हणाली, "जा माय. मी हावो इथं." आणि खरंच ती तिथून हलली नाही. दत्तूदादांनी अंडी काढून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरली, तर ही त्या कुंपणापाशी जाऊन बसली. आमची गाडी चुकली. पुढे ऋचाचा फोन आला की पिल्लं निघाली, समुद्रात गेली. तेव्हा वैनीनं अख्ख्या गल्लीत साखर वाटली आणि कारण विचारणाऱ्याला सांगितलं, "आमच्या घरी बाळंतपन झालं."

त्यानंतर उजवा डोळाही गेला, पण जागल तिनं सोडली नाही. कानावर करायची. फक्त एक सवय बदलली. पाचोळा वाजला की आधी डबा नाही. आधी ती अंधाराला विचारायची, "कोन व्हय?" थोडं थांबायची, आणि मगच वाजवायची. दादा हसून बेजार व्हायचा. "डुक्कर काय नाव सांगते तुले?" ती म्हणायची, "नाही सांगत. पन इचारलं पाह्यजे."

गेल्या आठवड्यात मी शेतावर गेले होते. जागल आता दादाकडे आहे. दम्यासकट. तिचा डबा मचाणाच्या खांबाला तिनं बांधला तसाच, तिच्याच लुगड्याच्या काठानं. दिवस मावळला होता, आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो, आणि कपाशीत काहीतरी सळसळलं. दादानं पेला खाली ठेवला, काठी उचलली, डब्यावर मारायला हात वर नेला... आणि तो हात तसाच राहिला.

"कोन व्हय?" दादानं विचारलं.

आणि आम्ही दोघं म्हातारी भावंडं, उत्तर येईल म्हणून थांबून राहिलो.