तिसऱ्या तारेखालची अक्षता

आमच्या अंगणात चार वर्षं एक लाल, दोन सीटची, वयानं माझ्याहून थोडी थोरली स्पोर्ट्स कार उभी होती. मी रोज संध्याकाळी तिच्यात बसून गिअर बदलायचो, तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचो आणि चहाची हाक आली की उतरायचो. यवतमाळात इतका स्वस्त प्रवास दुसऱ्या कोणी केला नसेल.

नवरात्र बसलं त्या दिवशी बायकोनं निकाल दिला. "दसऱ्याले दिवस मावळायच्या आत ही स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली पाहिजे. नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. मी सांगून ठेवलं त्याले." तो खरंच येऊन, टरबूज तपासावं तसा बॉनेटवर टिचक्या मारून गेला होता.

मी गॅरेजवाल्या चाचांना शरण गेलो. सत्तरीचे चाचा इंजिनाला कान लावून दुखणं ओळखतात. आठवडाभर त्यांनी तिची सेवा केली आणि नवमीला इंजिन असं गरजलं की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मी तिथंच थांबायला हवं होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मला वाटलं, ही वरवरची भक्ती झाली. देव तर ठिणगी जिथून निघते तिथं! म्हणून बायको आंघोळीला गेल्यावर मी बॉनेट उघडलं. चार प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारी एक डबी असते, डिस्ट्रिब्युटर. तिचं झाकण काढलं, झाकणातल्या तारा उपसून पुसल्या, आतबाहेर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. आणि नारळ इंजिनावरच फोडला. हळूच. मग सगळं पुसून जिथल्या तिथं लावलं आणि साळसूदपणे किल्ली फिरवली.

खर्र, खर्र, खर्र. पुढे काही नाही.

"काहून हो, काल तर चालू होती?" ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बायको दारात उभी.

"हवामान," मी म्हणालो.

चाचा आले ते रिकाम्या हातानं. "कारागिरानं सकाळीच हत्यारं पुजली, भाऊ. आज पान्याले हात लावला तर तो माह्याशी बोलणार नाही." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक स्क्रू ड्रायव्हर काढला. "हा तेवढा खिशात राह्यला अन् पूजेतून सुटला."

त्यांनी एका प्लगची तार उपसली, तिच्या टोकात स्क्रू ड्रायव्हर खोचला आणि कोरड्या फडक्यात धरून इंजिनाजवळ नेला. "मारा सेल्फ." काहीच नाही. मग कॉइलमधून डबीकडे येणारी मधली तार तशीच धरली. चट्ट! निळी ठिणगी.

"करंट डबीपर्यंत येऊन राह्यला," चाचा म्हणाले, "अन् पुढं जाऊन नाही राह्यला. मधात कोणी तरी खाऊन राह्यलं." त्यांनी झाकणाच्या दोन क्लिपा बोटांनी उघडल्या, आत पाहिलं आणि वास घेतला. आवाज एकदम खाली आला. "भाऊ, नारळ?"

मी मान डोलावली.

"वहिनीले माहीत आहे?"

मी मान आडवी हलवली.

"ओल लागली, वहिनी!" चाचांनी दाराकडे पाहून आरोळी ठोकली. "मोठी ओल!"

झाकण पेट्रोलनं पुसून आम्ही उन्हात ठेवलं. मी त्याच्यावर माशीसुद्धा बसू दिली नाही. तासाभरानं किल्ली फिरवली तेव्हा इंजिन पेटलं, पण लंगडत. सबंध गाडी हिवताप आल्यासारखी थरथरत होती. चाचांनी फडक्यानं एकेक तार उपसून परत लावली. पहिली काढली, इंजिन दबलं. दुसरी काढली, आणखी दबलं. तिसरी काढली तर काही फरकच नाही. "ही बाई काम नाही करून राह्यली."

इंजिन बंद करून त्यांनी झाकणातल्या तिसऱ्या भोकात स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं. बाहेर आला तांदळाचा एक पिवळा दाणा. त्याच्यामुळे तार पुरती बसतच नव्हती. एव्हाना बायको शेजारी येऊन उभी राहिली होती. चाचांनी निमूटपणे तो दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आकाशातल्या एका ढगाचा अभ्यास सुरू केला.

"किती वाहिल्या होत्या?"

"चिमूटभर."

"मग बाकीच्या कुठं आहेत ते पाहा आधी!"

बाकीच्या मिळाल्या नाहीत, लागल्याही नाहीत. या खेपेला चारही प्लग एका सुरात बोलले, आणि आठवडाभर माझ्या छातीवर बसलेला तो भंगारवाला उठून गेला. मी ऐटीत बायकोसाठी दार उघडलं.

"मी नाही. पहिल्या फेरीले चाचा बसतील," ती म्हणाली. "रस्त्यात बंद पडली तर तुमचा काय उपयोग?"

ऊन अजून गच्चीवर होतं. आम्ही दोघं फाटकाबाहेर पडलो, दारव्हा रोडनं गावाची वेस ओलांडून आलो. चाचा सगळ्या वाटेत एक कान बॉनेटकडे करून बसले होते. परतलो तेव्हा बायको नवी साडी नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन फाटकात तयार होती आणि फोनवर बोलत होती.

"हो भाऊ, निघाली. उद्या नका येऊ." मग माझ्याकडे एक नजर टाकून, "नाही, नाही, तुमचा नंबर खोडत नाही. पुढच्या दसऱ्याले सांगते."