कार्डाची मागची बाजू

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत पोलिसांच्या कचेरीत कारकून होतो. गुन्ह्यांची कार्डं माझ्या ताब्यात असायची आणि त्याचा मला नको तितका ताठा होता.

लांज्याहून आत्या आली ती फणसाच्या रसाची वाळवलेली साठं घेऊन. तिच्या मुलीला मांडवीतलं स्थळ सांगून आलं होतं. आमच्याकडे मुलाची चौकशी केल्याशिवाय होकार देत नाहीत. कुणी त्याच्या मास्तरांना विचारतं, कुणी शेजारच्या वाडीत. आत्याकडे मात्र हक्काचा भाचा होता.

"अरे, तुझ्या कचेरीत सगळं असतं ना? बघून सांग हां. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. उलट जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं. मुलाचं कार्ड निघालं: बागेच्या हद्दीच्या गडग्यावरून मारामारी, अटक. संध्याकाळी आत्याला मी हे अशा थाटात ऐकवलं, की जणू त्याला मीच पकडलं होतं. स्थळ मोडलं.

आठवड्याने कार्डं लावताना तेच कार्ड हातातून पडलं, पालथं. मागे नोंद होती: निर्दोष सुटका. तरी मी आत्याकडे गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

बातमी कुठून फुटली हे मुलाला कळलंच. त्याने माझ्या नावानिशी तक्रार केली. साहेबांनी त्याच्यादेखत ते कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतःच्या हाताने उलटलं.

"ही माहिती बाहेर दिली की नोकरी जाते, खटलाही होतो. ठाऊक आहे ना?"

मी खाली मान घालून कबूल केलं. साहेबांनी दया दाखवली. वेतनवाढ रोखली आणि मला अर्जांच्या खिडकीवर बसवलं. स्वस्तात सुटलो, असं तेव्हा मनात आलं, हे सांगायलाही आज शरम वाटते.

आत्याच्या मुलीचं पुढे दुसरीकडे जमलं. त्या मुलाचं मात्र 'केस असलेला' म्हणून कुठेच जमेना.

दोन वर्षांनी आखातात जायचं म्हणून त्याने चारित्र्याचा दाखला मागितला. दाखला स्वच्छ आला आणि तो खिडकीतून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"भाऊ, या वेळी मागची बाजू पण बघितलीत ना?"

"बघितली," मी म्हणालो. 'चूक माझी होती' हे तीन शब्द तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नाहीत.