मोठ्या वहिनींचं माप

लग्न होऊन मी चिखलीत आले तेव्हा माहेरून एक हातमशीन बरोबर आणलं होतं. नवरा शाळेत कारकून. सकाळी तो गेला की मी ओसरीवर बसून गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि त्या गावाला मीही नवीच होते. मला आपणहून हाक मारणारं पहिलं माणूस म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मोठ्या वहिनी. वय चाळिशीच्या आसपास, घरची शेती मोठी, दहा-बारा माणसांचं खटलं. त्यांचंही माहेर माझ्यासारखंच जळगाव जामोदचं, म्हणून माझ्यावर जरा जास्त जीव.

अंगानं त्या चांगल्याच भरलेल्या होत्या. आमच्या ओसरीच्या तीन पायऱ्या चढल्या की खांबाला धरून उभ्या राहायच्या, दम खायच्या आणि मगच बोलायच्या. त्यांच्या छातीचं माप चव्वेचाळीस इंच. ते मला वही न उघडता पाठ होतं.

त्या वर्षी पोळा झाल्यावर त्यांनी दोन पोलकी शिवून नेली. दिवाळीच्या तोंडावर तीच परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "ढिली होऊन राह्यली व. दोन्ही बाजूनं घे जराशी."

मला वाटलं, माझीच शिवण चुकली. मुकाट्यानं उसवून आत घेतली. कार्तिकात परत तेच. मार्गशीर्षात त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी पोलकं बाजूला ठेवलं आणि टेप काढला. एकोणचाळीस. माझा विश्वास बसेना. पुन्हा मोजलं, तरी एकोणचाळीसच. त्या गेल्यावर मी नवऱ्याची लाकडी फूटपट्टी काढून टेप तिच्यावर ताणून पाहिला. टेपात खोट नव्हती.

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं होतं, "वहिनी, बरं नाही का तुम्हाला?"

"मले काय धाड भरली?" असं म्हणून त्यांनी गल्लीकडे एक नजर टाकली. "कोणाले सांगू नोको पण. उगाच बोभाटा होते."

त्या 'सांगू नोको'नं माझी झोप उडाली. आमच्याकडे त्या दिवसांत चांगल्या कारणानं कोणी बारीक होत नसे. एक तर क्षय, नाही तर घरचा जाच. माहेरी आमच्या शेजारची एक सून अशीच वाळत गेली होती. शेवटी तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. मी वहिनींच्या खोकल्याकडे कान लावून बसायची. खोकला काही ऐकू आला नाही. उलट पायऱ्या त्या आता न थांबता चढत होत्या, पण हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

एका दुपारी पोलकं द्यायला त्यांच्या घरी गेले. पुरुषमाणसं, लेकरं जेवून गेली होती. वहिनी एकेका ताटातलं उरलेलं, भाकरीचे तुकडे, वरणभात, अर्धी खाल्लेली पोळी बादलीत गोळा करत होत्या. ती बादली त्यांनी नेली आणि गाईपुढे रिकामी केली. टोपलीत भाकरी नव्हती. भाजीचं पातेलं पालथं पडलं होतं.

"तुम्ही जेवल्या?" मी विचारलं.

"झालं माह्यं," त्या म्हणाल्या.

एवढं भरलेलं घर, आणि या बाईला जेवायला मिळत नाही?

संक्रांतीला मी माहेरी गेले. हळदीकुंकवाला वहिनींची भावजय भेटली. "आमच्या बाई कशा हायेत तिकडं?" असं तिनं सहज विचारलं. मी गप्प राहायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "फार वाळल्यात हो. जेवताना काही दिसत नाहीत." तिच्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच राहिली.

मी चिखलीला परतल्यावर चौथ्या दिवशी वहिनींचे दोघे भाऊ एसटीतून उतरून थेट माझ्या दारात आले. थोरला म्हणाला, "बाई, चाल आमच्यासंग. जे पाह्यलं ते तिथं सांगजो." नाही म्हणायची सोय नव्हती. पदर सावरत मी त्यांच्या मागं निघाले.

वहिनींचे यजमान ओसरीवर बाजेवर बसून सुपारी कातरत होते. थोरल्या भावानं पाणीही मागितलं नाही.

"दाजी, आमची बहीण तुमच्या घरात उपाशी राह्यते का?"

अडकित्ता थांबला. "कोण म्हणते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून एवढंच म्हणाले, "चार महिन्यांत पाच इंच कमी झाल्यात."

तेवढ्यात भाऊ आल्याचं ऐकून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. यजमानांनी वर पाहिलं. तोंडाकडे पाहिलं, मग मानेकडे, मग दंडाकडे. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "काऊन व, तू कधी वाळली?"

मला वाटलं होतं, ते ओरडतील, नाही म्हणतील, मला हाकलून देतील. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. दोन वेळा तिच्या हातचं वाढून घेणाऱ्या माणसाला चार महिन्यांत ते दिसलं नव्हतं. त्या क्षणी मला जो धक्का बसला, तसा टेप बघूनही बसला नव्हता.

वहिनींनी तांब्या खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. गुडघे धरले होते, जिना चढवत नव्हता. मावसबहिणीबरोबर त्या बुलढाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी विचारलं, जेवता किती? या म्हणाल्या, एकच वेळ, तेही सगळ्यांच्या मागून. "मग उरलेलं कोण खातं?" "मीच. टाकून द्याचं कसं?" बाई म्हणाल्या, "म्हणजे घरातली बादली तुम्हीच."

"ते माह्या जिवाले लागलं," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवसापासून उष्टं गाईले. तळलेलं बंद, साखरेचा चहा बंद. बाईनं सांगतलं तसं, सकाळी भिजवलेले शेंगदाणे मूठभर. दुपारी पेरू, संत्री, वावरातली पपई, जे असन ते पोटभर. सोबत तीळ, खोबऱ्याचा तुकडा. रातच्याले अर्धी भाकर, पालेभाजी, अन् जवसाची चटणी कच्चं तेल घालून. उपाशी नाई राह्यली मी एकही दिवस."

"मग आम्हाले खाताना काऊन नाई दिसली?" यजमानांनी विचारलं.

"धान्याच्या खोलीत बसून खात होती. चाळिशीच्या बाईनं भरल्या घरात एकटीनं संत्री सोलली त लोक म्हणतीन, जीभ सुटली. नाईतर म्हणतीन, दिवस गेले."

धाकटा भाऊ जरा रागावून म्हणाला, "आम्हाले तरी सांगाचं."

"भाऊबिजेले आलता ना तू? माह्यासमोर पाटावर बसला. तवा माह्या बांगड्या कोपरापावतर जात होत्या. तुले दिसलं का?"

मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं, पण वहिनींनी मलाच चुलीपुढं बोलावलं. पाहुणे लांबून आले होते, स्वयंपाक तर करायचाच होता. मी भाकरी थापल्या, त्यांनी भाजल्या. पंगत उठली तेव्हा एकाही ताटात उष्टं नव्हतं.

त्याआधी भाकरी थापता थापता मी म्हणाले होते, "वहिनी, माझं चुकलं. तुम्ही सांगू नको म्हणाल्या होत्या."

त्या तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाल्या, "तुहा राग नाई. कोणाले दिसलं नाई, सांगा लागलं, याचा राग आहे."

त्यानंतर वर्षभर त्या मापाला आल्या नाहीत. जुनं पोलकं कोणाच्या तरी हाती पाठवून द्यायच्या. राग नाही म्हणाल्या, तरी थोडा असावा. पुढच्या हिवाळ्यात मात्र स्वतः आल्या. शेतापर्यंत आता त्या पायी जाऊन येत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगू लागल्या, की यजमानांनी बाजारातून संत्र्यांची एक टोपली आणली, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि निघून गेले.

"मग?" मी विचारलं.

"लेकराईले वाटली. दोन ठेवली माह्यासाठी."

"धान्याच्या खोलीत?"

"नाई," त्या म्हणाल्या. "ओसरीवर बसली, त्याईच्या बाजेपाशी. सावकाश सोलली."