सौंसरहून आलेला फोन

मी पांढुर्ण्यात एका शाळेत सायन्स शिकवते. नजर लागणं, अंगात येणं, धागेदोरे... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आणि आणखी एक — हे लिहितानाही मला माझ्या जाऊबाईंचा हेवा वाटतोय. तो मी लपवणार नाही.

माझ्या सईला लहानपणापासून दमा. रोजचा पंप, नंतर चुळा भरायला लावणं, चादरी उन्हात टाकणं, घरात उदबत्ती बंद... सगळं मी करायचं. आणि जाऊबाई सौंसरहून संत्री घेऊन आल्या, की पोरगी "मोठी आई, मोठी आई" करत त्यांच्याच मांडीवर! त्यांना मूलबाळ नाही, कळतं मला. तरी पोटात दुखतंच.

त्या रविवारी नणंदेला बघायला पाहुणे आले. जाऊबाईंच्या शेतात संत्र्याचा तोडा होता, म्हणून त्या नव्हत्या. फ्रिजवरचा तातडीचा पंप सासूबाईंनी मला न सांगता लपवला... घराण्यात दमा आहे असं कळलं तर सोयरीक मोडायची ना! वर घमघमती उदबत्तीही लावली. चहापोहे झाल्यावर सगळे जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला गेले. घरी मी आणि सई.

थोड्याच वेळात सईला धाप लागली. फ्रिजवर हात घातला — पंप नाही! कपाट, गाद्या, दप्तर, सगळं उपसलं. नवऱ्याचा फोन लागेना, सासूबाईंचा देवघरातच वाजला. सईला बोलताही येत नव्हतं.

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन. मी "हॅलो" म्हणायच्या आत —

"घाबरू नको वं. सैपाकघरात वरच्या फळीवर पापडाचा डबा हाय, त्यात पाह्य. पंप तिथंच हाय."

होता! पंपाला लावायच्या स्पेसर-नळीसकट. औषध दिलं, तशीच उचलून दवाखान्यात नेलं. तिथे तिचा श्वास मोकळा झाला.

सासूबाई परतल्यावर मी चिडून विचारलं, पंप कुठे लपवला ते जाऊबाईंना सांगितलं होतं का. त्या शपथेवर म्हणाल्या, "म्या कोनालेच नाही सांगतलं. असं कोनी सांगते काय?"

जाऊबाईंना विचारलं, तर त्या फोनवर म्हणाल्या, "मी तं भाजी निवडून राहिली होती. एकदम सईचा खोकला आयकू आला, अन् थो डबा डोळ्यापुढं आला. मलेच समजून नाही राहिलं वं."

पोर वाचली, मी जाऊबाईंच्या पाया पडले, मनापासून पडले. पण रोज सईच्या छातीला कान लावून झोपणारी मी. फोन आला तेव्हा त्या फळीखालीच तर उभी होते... मग ते मला का नाही दिसलं?