ड्रॉवरमधली केबल

यशवंतपूरच्या आमच्या धान्याच्या गोदामात बिलं अजून जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरच छापतात. त्याच्या करकरीनं माझं डोकं उठायचं, म्हणून मी कुणाला न विचारता एक जादा केबल जोडून तो कपाटामागं ढकलला. तेव्हापासून बिलांवर भलतीच अक्षरं उमटू लागली.

दुरुस्तीला बेळगावकडचे एक वयस्कर गृहस्थ यायचे. चपला दाराबाहेर काढायचे. प्रिंटर त्यांनी दोनदा आपल्या दुकानात नेला; तिथं तो नीट चालायचा. तिसऱ्या खेपेला त्यांनी केबल दोन बोटांत धरली आणि चाचपत कपाटामागच्या जोडापर्यंत गेले. मग माझ्याकडं पाहिलं.

मालकांना एवढंच म्हणाले, "केबलचा दोष होता, सर."

"इतक्या दिवसांनी कळलं? पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो," मालक सगळ्यांदेखत ओरडले.

"सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे 'बरं'. जादा केबल गुंडाळून, तिला रबर लावून त्यांनी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. हळूच मराठीत म्हणाले, "आवाजाचा त्रास होतोय म्हणून सांगायचं की हो. काहीतरी केलं असतं."

ते दाराबाहेर चपला घालत होते. मालक माझ्यासमोरच बसले होते. मी ड्रॉवर बंद केला.