थरथरणारं रक्त आन् टोपीतला कांदा

मेंढरं धरायची बी नोकरी असती, हे मला परभणीत आल्यावर कळलं. आमच्या घरात सगळेच मेंढरं धरतेत, पर त्याचा पगार कोणी देत न्हाई. जनावरांच्या कॉलेजात एका म्याडमला तपासायला मेंढराचं रक्त लागायचं. मी मेंढरू धरायचं, त्यांनी सुई लावायची. शाळेचा दाखला मागितला तवा मी म्हणलं, "शाळेनं मला कधी बघितलंच न्हाई, ती दाखला कुठून देईल?"

एक दिवस मेंढरानं लाथ झाडली आन् सुई माझ्याच बोटात घुसली. हा आमचा खानदानी हुन्नर! म्याडम म्हणल्या, "आता रक्त आलंच आहे, तर बघू या." थेंब काचेवर घेतला, मशिनीखाली सरकवला आन् मला बोलावलं.

"काय दिसतंय, मामा?"

"अंधार."

"मामा, तुम्ही दोन्ही डोळे मिटलेत."

एक उघडला. आत बारक्या बारक्या भाकरी, मधी दबलेल्या, पाण्यात पडलेल्या. आन् एकेकीची कड थरथर थरथर करायली. वारं न्हाई, कोणाचा हात न्हाई.

"म्याडम, ह्या कामून थरथरायल्यात?"

"उष्णतेमुळे, मामा." एवढं बोलल्या आन् फोन आला म्हणून गेल्या.

आता आमच्याकडं उष्णता म्हणजे काय, ते लेकराला बी ठाऊक हाय. तोंड येतं, डोळे जळतेत, लघवीला आग होती. मला तर यातलं काहीच होत नव्हतं. म्हणजे माझी उष्णता थेट रक्तात उतरली होती! मंग मी सब्जा पिलो, ताक पिलो, तळपायाला एरंडेल चोळलं आन् टोपीत सोललेला कांदा ठेवून हिंडायलो. बायको म्हणली, "डोक्याला कांदा, पायाला एरंडेल. मधला माणूस कुठं सांडला?"

हे चालू असतानाच धाकटी बहीण बाळंत झाली. बाळंतपणाला माझ्याकडंच आलेली. पोरगी धड झाली, पर बहिणीचं रक्त लय गेलं. सरकारी दवाखान्यात नेली तवा तोंड पांढरं फटक. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी कधी चालू, कधी बंद. त्या दिवशी बंद. सोनपेठकडचं तिचं सासर, आमचे भाऊ, कोणालाच यायला जमंना. दाजी आदल्या दिवशी आले होते म्हणून होते, पर त्यांचं रक्त जुळलं न्हाई. माझं जुळलं.

डॉक्टर म्हणले, "लवकर झोपा या खाटेवर. हिच्याकडे वेळ नाही."

मी उठलो आन् दाराकडं निघालो.

"कुठं चालले, पाव्हणं?" दाजी आडवे आले.

"दाजी, माझं रक्त थरथरतंय. डोळ्यानं बघितलंय मी. ते तिच्यात गेलं आन् तिला काही झालं तर?"

"सुईला भ्यालो म्हणून सरळ सांगा की!"

सुईला तर भ्यालोच होतो. पर त्या भ्यावाला मी ओळखत होतो. हे दुसरं होतं. म्हणलं, "आत्ता आलो," आन् सायकल हाणली. एरंडेलानं पायडलावरून पाय निसटायले, तसाच कॉलेजात शिरलो.

म्याडमनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या न्हाईत. एक काच मशिनीखाली ठेवली. "बघा, या थरथरतात का?"

"न्हाई. गपगार हायेत."

"या मी औषध घालून कडक केल्यात. मेलेल्या आहेत. मामा, मी म्हणाले ती उष्णता म्हणजे रोग नव्हे. साधी ऊब. तुम्ही पाहिल्यात त्या रक्ताच्या पेशी. पेशीभोवती पडदा असतो, सायीहून कितीतरी पातळ. आतबाहेर पाणी. उबेमुळे पाण्याचे कण सारखे धावतात आणि पडद्याला धडकतात."

मला एकदम गंगाखेडची टुरिंग टॉकीज दिसली. "म्हणजे तंबूची कनात! आतून गर्दीचे धक्के, बाहेरून फुकट्यांचे. कापड इथं फुगतं, तिथं दबतं." मी कोणत्या बाजूनं धक्के द्यायचो, ते त्यांनी इचारलं न्हाई.

"अगदी तशीच. आणि कापडाच्या जागी पत्रा ठोकला तर?"

"धक्के बसतील, पर हलणार न्हाई."

"अंगात केसाहून बारीक नळ्या असतात. पेशीला त्यातून दुमडून जावं लागतं. पत्रा जाईल का? तुमच्या बहिणीला थरथरणाऱ्याच पेशी पाहिजेत. पळा आता."

पळालो. खाटेवर पडलो, सुई बघितली आन् खाटेसगट हलायलो.

"मामा, हलू नका!" सिस्टर वरडल्या.

"मी न्हाई सिस्टर, कनात हलायली."

त्यांनी दाजीकडं बघितलं. दाजींनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीनं डोळे उघडले. ओठावर जरासा रंग आला होता. नीट बघावं म्हणून मी वाकलो, तर टोपीत तसाच राह्यलेला कांदा तिच्या पांघरुणावर पडला. ती बघतच राह्यली.

"दादा, रक्तासंग कांदा बी द्यावा लागतो का?"

तिचा हात हातात घेतला, तर तो बारीक थरथरायला होता. लय गोड वाटलं. दाजींनी कांदा उचलला, सदऱ्याला पुसला आन् भाकरीसंग खाऊन टाकला.